पुलापुढचं रान

९ फेब्रुवारी

वर मायना लिहिलेला नाही, कारण काय लिहावं ते सुचलं नाही. ‘चिरंजीव’ लिहायचा मला हक्क नाही, आणि नुसतं नाव लिहून सुरुवात केली की कोर्टाची नोटीस वाटते. तेव्हा सरळ कामाचं बोलतो.

मी लिफ्टवाला. तुझ्या आईचा नवरा. हे नाव तूच ठेवलंस, आमच्या लग्नाच्या दिवशी, जिन्यात, बॅग खांद्याला लावून निघताना. मला ते लागलं नाही. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यातच गेला, मग दुसरं काय म्हणणार. तुझ्या जहाजाच्या कंपनीचा पत्ता तुझ्या आत्याने दिला. देताना चार शब्द सुनावले, तेही ऐकून घेतले.

काम असं आहे. माळ्यावरून तुझं ते जुनं गेमचं मशीन खाली काढलंय. त्यात एका डिस्कवर सात जुने गेम आहेत, सगळे पळायचे आणि उड्या मारायचे. तिसरा गेम रानातला, टोपी घातलेला एक इसम असतो तो. मी त्याला घेऊन पोकळ झाडापर्यंत जातो, आणि तिथे ठप्प. समोर खडक, वर फांदी. फांदीपर्यंत उडी पोचत नाही. रिटायर झाल्यावर माणसाने काय काय करावं म्हणतात, मी गेला आठवडाभर एका खडकावर डोकं आपटतोय.

तुझी आई म्हणते, तू हे झाड चुटकीसरशी पार करायचास. कसं ते एका ओळीत कळव. पत्र माझ्या नावावर पाठव, म्हणजे खालच्या पेटीतून मीच घेईन.

तुझी आई बरी आहे. आराम करते.

— लिफ्टवाला


२ मार्च

तुझं कार्ड मिळालं. समुद्रातल्या क्रेनचं चित्र छान आहे. मागे तू लिहिलंयस, “खडकाकडे पाठ करायची. मागे चार पावलं जाऊन पळत यायचं, पळायचं बटण सोडायचं नाही. उडी अगदी काठावर, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा उशिरा. ते मशीन बंद पडलं होतं. चालू कसं झालं?”

उशिरा उडी मारणं हे माझ्या वयाच्या माणसाला शिकवायला नको होतं. आम्ही सगळ्या उड्या उशिराच मारल्या. पण जमलं. पहिल्या फटक्यात नाही, तरी त्याच दिवशी जमलं. तुझी आई पलंगावरून म्हणाली, “बघा, पोहोचलात.” मी विचारलं, तुला काय माहीत? तर म्हणे, “फांदीवर पाय पडला की टक्‌ वाजतं. तुमचं इतके दिवस वाजत नव्हतं.”

आता मशीनचं सांगतो. तू विचारलंस म्हणून सविस्तर.

डिस्क घातली की नुसती घरघर आणि पडदा काळा. मी उघडून पाहिलं. धूळ काढली, रूळ पुसले, तेल दिलं. मोटर फिरत होती, म्हणजे दोष माझ्या खात्यातला नव्हता. मग जुन्या मोबाईलच्या बाजारात एक बाई बसते, तिच्याकडे नेलं. हातात सोल्डर, डोक्यावर दिवा, आणि बोलणं असं की आधी माणसाचा निकाल, मग मशीनचा. तिने पाहिलं आणि म्हणाली, “काका, लेन्स गेली. ही लेन्स आता बनत नाही. टाकून द्या.”

मी म्हटलं, टाकायचं असतं तर माळ्यावरून काढलं नसतं.

त्यावर तिने मान वर केली. म्हणाली, “मग कुलूप काढू या.”

झालं असं, की या मशीनसाठी जगभरातल्या हौशी मंडळींनी घरबसल्या प्रोग्रॅम लिहून ठेवलेत. कोणी पगार दिला नाही, कोणी सांगितलं नाही. असा एक प्रोग्रॅम तिने तुझ्या मेमरी कार्डावर चढवला. आता मशीन चालू केलं की कंपनीचं ते झगमगीत चिन्ह येत नाही. निळ्या पडद्यावर साधी अक्षरं येतात, आणि मशीन डिस्क मागतच नाही, मागे जोडलेल्या पेन ड्राइव्हच्या डबीतून गेम उचलतं. मला हे लगेच समजलं. लिफ्टच्या पॅनलमध्येही एक किल्ली असते. ती फिरवली की लिफ्ट मालकाचं ऐकत नाही, मेस्त्रीचं ऐकते.

तुझ्या मेमरी कार्डावरचं काहीही पुसलेलं नाही. ते आधी बाजूला उतरवून घे, असं मी तिला दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा ती चिडली.

डिस्कवर चरे पडले होते. ती म्हणाली, याची स्वच्छ कॉपी नेटवर सापडेल, ही कशाला घासत बसू. मी म्हटलं, हीच हवी. कारण विचारलं, तर सांगितलं, घरचा हुकूम आहे. हुकूम असा की दुसऱ्या रानात बासरी वाजताना ती एका जागी अडखळते, आणि तुझ्या आईला ती अडखळणारीच बासरी पाहिजे. “सरळ वाजली तर ती आपल्या घरातली नव्हे,” असं तिचं म्हणणं. मग त्या बाईने डिस्क पॉलिश केली, पुन्हा पुन्हा वाचून त्या डबीत उतरवली. सातातला एक गेम आलाच नाही, बर्फावर घसरायचा तो. बाकीचे आले. बासरी अडखळते.

दुपारी जेवणं झाली की मी खेळतो आणि तुझी आई ऐकते. पूर्वी तुम्ही दोघं बापलेक आत खेळायचात आणि ही बाहेर शिलाईच्या मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसायची, त्या काळात तिला सगळा गेम कानाने पाठ झालाय. पडद्याकडे तिने कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं म्हणे. मला सांगते, “आता पाणी येईल. बुडबुड झालं की थांबा, वरून काहीतरी पडतं. तेव्हा हा ओरडायचा.” आणि खरंच पडतं. काय पडतं ते तिला ठाऊक नसतं. दगड असतो.

मी आता लाकडी पुलापाशी आलोय. पाय ठेवला की मागची फळी निखळते, आणि मधोमध वारा येतो. इथे तुझी आई काहीच सांगत नाही. तू सांग.

— लिफ्टवाला


१९ मार्च

तुझं दुसरं कार्ड आलं. ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं, तुझ्या आईला अजून वाचून दाखवलेलं नाही. तू लिहिलंयस, “पुलाचं मला माहीत नाही. आम्ही तो कधी ओलांडला नाही. बाबा आणि मी आळीपाळीने पडायचो. नंतर ते आजारी पडले आणि नंतर मी खेळलो नाही. तुम्ही ओलांडलात तर पुढे काय आहे ते लिहू नका. आई पडद्याकडे पाहत का नाही? ती दुपारी झोपून का असते?”

मला वाटलंच होतं की तुझ्या नजरेतून ते सुटणार नाही. आईच्या पोटचा आहेस.

तर आता ऐक. हे लिहायला तिने मला मनाई केली होती. काल मी तिला सांगितलं की मी लिहिणार. ती म्हणाली, “लिहा. पण तो येईल अशा बेताने लिहू नका.” तेव्हा मी कुठल्याच बेताने लिहीत नाही, झालं ते लिहितो.

जानेवारीच्या शेवटी ती एक जुना कोट उसवत बसली होती. मला म्हणाली, “दिवा गेला का अर्धा?” दिवा होता. तिला उजवीकडून काळा पडदा सरकत आल्यासारखा दिसत होता. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डावा डोळा तिचा पहिल्यापासून अधू, त्याने दोरा सुईत जात नाही, माणूस ओळखू येतो एवढंच. उजव्यावरच सगळा संसार.

ऑपरेशन लगेच झालं. त्यात डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. तो वर चढतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो. म्हणून तोंड सतत खाली ठेवायचं, झोपताना, बसताना, जेवताना. मी पलंगाच्या कडेला फळी लावून मध्ये गोल भोक पाडलं, त्याला फोम गुंडाळला. ती त्यात तोंड घालून पडून राहायची. माझ्याशी बोलायची ती फरशीकडे बघून. मी खाली पाटावर बसायचो, म्हणजे निदान माझे पाय तरी तिला दिसावेत.

टीव्हीवरच्या मालिका लावल्या, दोन दिवसांत कंटाळली. गाणी लावली, नको म्हणाली. मग म्हणाली, “ते लावता येईल का? पोराच्या खोलीतून यायचं ते.” मला कळेना. तिने गुणगुणून दाखवलं. म्हणून माळा, म्हणून मशीन, म्हणून ती दुकानातली बाई. मला गेमचा काही शौक नव्हता हे तुला सांगायला नको.

तिच्या फोनवर तू अधूनमधून विचारतोस, “बरी आहेस ना”, आणि ती “ठीक” लिहिते. फेब्रुवारीपासूनचे सगळे “ठीक” मी टाकलेत, तिने सांगितलं म्हणून. तिला अक्षर दिसत नव्हतं. हे तुला आवडणार नाही. मलाही टाकताना बरं वाटत नव्हतं.

आता पुढचं. मागच्या आठवड्यात पडदा पुन्हा सुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी. दुसरं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, या वेळी गॅसऐवजी तेल भरणार. दिसेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “उजेड राहील. त्याहून जास्त किती, ते नंतर.” तुझ्या आईने त्यांना विचारलं, “शिवता येईल?” त्यावर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ते मला काही आवडलं नाही.

पुलाचं सांगायचं राहिलं. रविवारी दुपारी मी तो ओलांडला. पुढे काय आहे ते लिहीत नाही, तू नको म्हणालास. पण एक गोष्ट झाली ती लिहिणं भाग आहे.

मी शेवटच्या फळीवरून उडी मारली, पलीकडे पाय टेकले, पडदा क्षणभर काळा झाला. नवीन रान उघडायच्या आत, नवा सूर सुरू व्हायच्या आत, तुझी आई फळीच्या भोकात तोंड घालून तो सूर गुणगुणायला लागली. मग पडद्यावर तोच सूर आला. ती पुढे, गेम मागे.

मी कंट्रोलर खाली ठेवला. म्हटलं, “तुम्ही लोकांनी तर हा पूल कधी ओलांडलाच नव्हता.”

मग तिने सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण ती गोष्ट तुझ्या वडिलांची आहे. मी त्या माणसाला पाहिलेलंही नाही. त्यांच्या कपाटात माझे शर्ट आहेत तेवढं पुरे, त्यांच्या गोष्टी तुला मी सांगायच्या हे काही खरं नव्हे. ती तिच्याकडूनच ऐक. गुरुवारच्या आधी फोन केलास तर बरं. नंतर केलास तरी बरंच.

— लिफ्टवाला


८ एप्रिल

तू फोन केलास तेव्हा मी भांडी घासत होतो. तिच्या फोनवर तुझं नाव दिसलं. मी ओल्या हातानेच फोन तिच्या कानाशी धरला, मग तिच्या हातात दिला आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. दार लोटून घेतलं होतं. पण आपलं दार कसं आहे ते तुला माहीत आहे, बंद असलं तरी निम्मं उघडंच.

तिकडे समुद्रावर तुला तिचा फक्त आवाज आला. इकडे काय होतं ते तुला कळावं म्हणून हे पत्र.

पहिला काही वेळ ती नुसती “हो” आणि “नाही” म्हणत होती. “रडू नकोस” असं एकदा म्हणाली, ते तुला की स्वतःला ते मला कळलं नाही. मग तिने तुझ्या बाबांचं सांगितलं. मला सांगितलं होतं ते तुटक होतं, तुला सांगताना मात्र तिने सगळं सांगितलं, अगदी त्यांच्या आवाजात.

“तू शाळेत होतास. हे आतून आले, बनियनवर, लहान पोरासारखे. म्हणाले, अगं, ओलांडला. मी म्हटलं, काय ओलांडला? पूल, म्हणाले. मला हाताला धरून आत न्यायला लागले, माझ्या मशीनवर गिऱ्हाईकाचं काम, मी गेले नाही. तिथूनच ऐकलं. नवीन सूर होता. म्हटलं, आता तो आला की दाखवा त्याला. तर म्हणाले, वेडी आहेस का. पूल त्यानेच आधी ओलांडायचा. मी नाही. आणि मशीन बंद करून टाकलं. त्यानंतर तुझ्याबरोबर बसले की मुद्दाम पडायचे. मला बाहेरून कळायचं ना. त्यांची उडी कशी वाजते ते मला ठाऊक होतं. काठाला आले की मुद्दाम थांबायचे. तू म्हणायचास, बाबा, तुम्ही पण काय. आणि ते हसायचे. तू जिंकायची वाट बघत होते रे. तेवढ्यात दुखणं आलं.”

  मी जिन्यात उभा होतो. वरच्या मजल्यावरचे आजोबा उतरत होते, त्यांनी विचारलं, “किल्ली विसरलात का?” मी हो म्हटलं.

खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटला. मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात, तरी वाटला. मुलगा जिंकावा म्हणून रोज हरायचं, आणि ते कोणाला कळूही द्यायचं नाही. मला हे जमलं असतं का, असा मी जिन्यात उभं राहून विचार करत होतो. 

मग आतून तिचा हसण्याचा आवाज आला. तू विचारलं असशील की हा लिफ्टवाला खरंच खेळतो का. ती म्हणाली, “खेळतात. फार पडतात. पण उठतात लगेच, तुझ्यासारखी आदळआपट करत नाहीत.” ही तारीफ होती की काय, ते मी तिला विचारलेलं नाही.

गुरुवारचं ऑपरेशन नीट झालं हे तुला तिने सांगितलंच. पुढचं तुझ्या फोननंतर झालं ते मी सांगतो. परवा डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ बसायची परवानगी दिली. तेलामधून सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं तिला, कडा हलतात, पण रंग दिसतात आणि मोठ्या गोष्टी दिसतात. तेल काढल्यावर आणखी सुधारेल म्हणतात. शिवायचं बघू, असं या वेळी त्यांनी हात न ठेवता सांगितलं.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा काय मागितलं असेल? मला वाटलं, आरसा मागेल. म्हणाली, “तुमचं ते लावा.” मी लावलं. ती खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली, नाक लागेल इतकी. रान सुरू झालं. टोपीवाला उभा होता.

“हाच का तो?”

“हाच.”

“मला वाटायचं, एवढं धपाधप करतो म्हणजे चांगला दांडगा असेल. हा तर बोटाएवढा आहे.” मग म्हणाली, “आणि सगळं रान एकटाच तुडवतो?”

मी म्हटलं, एकटाच.

मग तिने कंट्रोलर माझ्या हातातून काढून घेतला. उडीचं बटण कुठलं तेही तिला माहीत नव्हतं. पहिल्याच खड्ड्यात गेली. पुन्हा गेली. मी बोट दाखवायला गेलो तर हात झटकला. शेवटी एकदाचा खड्डा पार झाला, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. मी दारात होतो, आणि मी तिला स्पष्ट दिसत नव्हतो हे मला माहीत आहे. तरी ती बरोबर माझ्याकडेच बघून हसली.

संध्याकाळी जेवताना म्हणाली, “तुमची हत्यारं त्याच्या खोलीतून हलवा.”

तू गेल्यापासून त्या खोलीत माझं सामान आहे हे तुला बहुधा माहीत नसेल. लिफ्टचे जुने रिले, केबलची वेटोळी, पान्हे, ग्रीसचे डबे. पलंगावरसुद्धा एक मोटर होती.

मी म्हटलं, “यायचं विचारलंस, तर तो नुसतं ‘बघतो’ म्हणालाय.”

ती म्हणाली, “तुमच्यासाठी ‘बघतो’. मी आई आहे, मला त्याचा ‘बघतो’ कळतो.”

 काल दिवसभर वाहतूक केली. वरच्या आजोबांनी मोटरला हात लावला, नंतर कंबर धरून बसले. फरशीवरचे ग्रीसचे डाग निघत नव्हते, ते रॉकेलने काढले, आता खोलीला जरा वास आहे, खिडकी उघडी ठेवली की जाईल. पलंगावर गादी टाकली. गेमचं मशीन तिने आत नेऊ दिलं नाही, ते बाहेरच राहील म्हणाली, तिला जवळ बसायला लागतं.

माझं सगळं सामान आता जिन्याखालच्या खोपटात आहे. जागा अंधारी आहे, पण कोरडी आहे, पान्ह्यांना गंज चढणार नाही. ते तिथेच राहिलं तरी माझं काही अडत नाही.

— लिफ्टवाला